सिस्मिक मोमेंट: क्षण, आघूर्ण की परिबल?

भूकंपाच्या गणिती प्रतिमानांवरील लेखाचा अनुवाद करताना एका वाचकाला दोन शंका आल्या आहेत. ‘सिस्मिक मोमेंट’ या संज्ञेसाठी यंत्रानुवादाने ‘भूकंपीय क्षण’ सुचवले आणि हिंदी लेखनात त्यांना ‘आघूर्ण’ आढळले. मराठीत ‘परिबल’ हा तिसरा पर्यायही आहे. यांपैकी काय लिहावे, ही पहिली शंका. ‘सिस्मिक सोर्स’ला, म्हणजे भूकंपाच्या लहरी जेथून निघतात त्याला, ‘स्रोत’ म्हणावे की ‘उगम’, ही दुसरी.

‘क्षण’ बाद करायला फार वेळ नको. लॅटिन ‘मोमेंटम’ हा शब्द हलण्याच्या अर्थाच्या धातूपासून आला असून तराजूचे पारडे झुकवणारे लहानसे वजन आणि काळाचा लहानसा तुकडा हे दोन्ही अर्थ त्यात सामावले होते. यामिकीने (बल आणि गती यांच्या शास्त्राने) त्यातला पारड्याकडचा अर्थ उचलला आणि बल व अंतर यांच्या गुणाकाराला ‘मोमेंट’ म्हटले. घड्याळाशी त्याचा संबंध उरला नाही.

भूकंपशास्त्रात हा गुणाकार कोठून येतो, हे पाहिल्याशिवाय उरलेल्या दोन शब्दांमध्ये निवड करता येणार नाही. जपानमधील निगाता येथे 1964 साली झालेल्या भूकंपाच्या लहरींचा अभ्यास करून भूकंपशास्त्रज्ञ केइती आकी यांनी 1966 मध्ये ही राशी मांडली. प्रस्तरभंगाच्या (खडकातील ज्या भेगेवर दोन बाजू सरकतात तिच्या) सरकलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ, त्यावरील सरासरी सरक, म्हणजे सरकण्याचे अंतर, आणि खडकाची दृढता (आकार बदलण्यास होणारा विरोध) या तिघांचा गुणाकार म्हणजे सिस्मिक मोमेंट. समजा, 20 किलोमीटर लांब आणि 10 किलोमीटर रुंद पृष्ठ 1 मीटर सरकले आणि खडकाची दृढता 3×10¹⁰ पास्कल धरली, तर उत्तर 6×10¹⁸ न्यूटन-मीटर येते आणि त्यावरून भूकंपाची महत्ता (मॅग्निट्यूड) 6.5च्या आसपास निघते. एकक न्यूटन-मीटर आहे, म्हणजे बल गुणिले अंतर. खडकाचे सरकणे आणि तरफेचा दांडा यांना जोडणारा दुवा हाच.

आता ‘आघूर्ण’. ‘घूर्ण्’ या संस्कृत धातूचा अर्थ गरगरणे, भोवंडणे. चाकाच्या किंवा स्क्रूच्या संदर्भात हा शब्द शोभतो, पण भूकंपात नेमकी येथेच अडचण आहे, आणि ही अडचण केवळ शब्दाची नाही. खुद्द शास्त्रज्ञही कित्येक वर्षे तिच्यात अडकले होते. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू विरुद्ध दिशांना सरकतात, तेव्हा त्या जागी विरुद्ध दिशांच्या दोन बलांची एक जोडी, म्हणजे एक बलयुग्म, कल्पिणे स्वाभाविक वाटते. परंतु एकटे बलयुग्म वस्तूला फिरवू पाहते, आणि पृथ्वीच्या पोटातील स्रोत तर आपल्याआपण असे निव्वळ परिवलन निर्माण करू शकत नाही. म्हणून पहिल्याला काटकोनात दुसरे, उलट फिरवणारे युग्म जोडावे लागते. या द्वियुग्मात फिरवण्याची प्रवृत्ती पूर्णपणे रद्द होते आणि एका कर्णावर ताण, तर दुसऱ्यावर दाब एवढेच शिल्लक राहते.

गंमत अशी की एकेरी युग्म की द्वियुग्म, हा वाद भूकंपमापकावर आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरींवरून सुटत नव्हता. एकेरी युग्म घ्या किंवा द्वियुग्म, स्रोताभोवती बाहेर ढकलणारे आणि आत ओढणारे असे आलटून-पालटून येणारे चार विभाग सारखेच मिळतात. फरक दिसतो तो मागून येणाऱ्या दुय्यम लहरींत: त्यांच्या तीव्रतेच्या आकृतीत एकेरी युग्माला दोन पाकळ्या, द्वियुग्माला चार. 1963 मध्ये मारुयामा यांनी आणि 1964 मध्ये बरिज व नोपॉफ यांनी प्रस्तरभंगावरील सरक ही द्वियुग्माशी तुल्य असते असे गणिताने दाखवले. ज्या राशीच्या मुळाशी ‘काहीही गरगरत नाही’ ही अट आहे, तिला ‘आघूर्ण’ म्हणणे म्हणजे वाचकाच्या मनात नेमके चुकीचे चित्र उभे करणे होय.

म्हणून माझा कौल ‘परिबल’ला. मराठीत ‘निरूढी परिबल’ (मोमेंट ऑफ इनर्शिया) आणि ‘चुंबकीय परिबल’ (मॅग्नेटिक मोमेंट) या संज्ञा आधीच आहेत. ‘परि’मध्ये ‘सभोवार’ ही छटा आहे हे खरे, पण ती गरगरण्याचा दावा करीत नाही. शिवाय पुढचे समास सहज होतात. हँक्स आणि कानामोरी यांनी 1979 मध्ये मांडलेली, परिबलावरून काढलेली महत्ता ती ‘परिबल-महत्ता’. सर्व दिशांच्या बलयुग्मांचा एकत्र हिशेब ठेवणारा तो ‘परिबल प्रदिश’ (मोमेंट टेन्सर). तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या तक्त्यात मांडलेले त्याचे नऊ घटक असतात, पण फिरवणारी प्रवृत्ती शून्य असल्याने तो सममित राहतो, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंचे घटक सारखे असतात, आणि स्वतंत्र घटक सहाच उरतात. स्फोटाचा प्रदिश मात्र वेगळा दिसतो: कर्णावरचे तीन घटक समान, बाकी शून्य, म्हणजे सर्व दिशांना सारखाच बाहेरचा धक्का.

काळ या विषयात येतो, पण वेगळ्या वाटेने. दूरच्या भूकंपमापकावर नोंदले जाणारे जमिनीचे विस्थापन एकूण परिबलाच्या नव्हे, तर परिबल कोणत्या दराने मुक्त होते त्याच्या प्रमाणात असते. हा झाला ‘परिबल-दर’. या विस्थापनाच्या सूत्रात लहरीच्या वेगाचा घन छेदात असल्यामुळे, मंद चालणाऱ्या दुय्यम लहरी प्राथमिक लहरींच्या सुमारे पाचपट मोठ्या उमटतात. आणि ‘क्षणा’विषयी बोलायचे, तर 26 डिसेंबर 2004च्या सुमात्रा भूकंपात प्रस्तरभंग 1,200 किलोमीटरहून अधिक लांबीवर फाटत गेला आणि त्याला आठ-दहा मिनिटे लागली!

हेच उदाहरण दुसऱ्या शंकेलाही उपयोगी पडते. नदीचा उगम हे एक ठिकाण असते. भूकंपात तशी जागा म्हणजे नाभी, जेथून फाटण्यास सुरुवात होते. प्रतिमानात ज्याचे गणित मांडतात ते मात्र फाटत गेलेले सगळे पृष्ठ असते, निव्वळ नाभी नव्हे. तेव्हा नाभीसंबंधी बोलताना ‘उगमबिंदू’ चालेल, पण ‘सोर्स’साठी ‘स्रोत’च ठेवावा, आणि अनुवादात ‘बिंदू-स्रोत’ हा शब्द आलाच, तर ते लांबून पाहण्यापुरते केलेले सुलभीकरण आहे, असे त्याच वाक्यात स्पष्ट करावे.