आजीची गोष्ट अहिराणीतच लिही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या गोष्टींची तुझी वही वाचली. तू त्या ऐकल्यास अहिराणीत आणि लिहिल्यास मात्र प्रमाण मराठीत, कारण 'अहिराणीत वाचणार कोण?' अशी तुला धास्ती वाटते. ही धास्ती मनातून काढून टाक.

राजस्थानचे कथाकार विजयदान देथा, लोकांचे 'बिज्जी', आधी हिंदीत लिहायचे. मग जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा या आपल्या गावी परतले आणि राजस्थानीतच लिहू लागले. १९६० मध्ये लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्यासोबत त्यांनी तिथेच रूपायन संस्थान ही लोकसाहित्याची संस्था उभी केली. गावकऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या कथांमधून 'बातां री फुलवाड़ी' (गोष्टींची फुलबाग) या संग्रहाचे १४ खंड तयार झाले. राजस्थानी अजूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही. बिज्जी त्यासाठी थांबले नाहीत.

आणि वाचक आले की! खरं बोलण्यापायी जीव गमावणाऱ्या चोराची त्यांची कथा हबीब तन्वीरांनी १९७५ मध्ये छत्तीसगढी कलावंतांकडून 'चरणदास चोर' म्हणून रंगभूमीवर आणली. नव्या नवरीवर जीव जडलेल्या भुताच्या कथेवर मणी कौल यांनी १९७३ मध्ये चित्रपट केला. लांब कशाला जायचं? आपल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी खानदेशी बोलीतच उतरवून घेतल्या, आणि १९५२ पासून अख्खा महाराष्ट्र त्या वाचतो आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत्येक कथेच्या शेवटी तू तात्पर्य जोडलं आहेस. आजीने ते सांगितलं नसणार. भुताच्या त्या कथेत नवरा लग्न होताच व्यापाराला निघून जातो, भूत त्याचं रूप घेऊन येतं, पण नवरीला सगळं खरं सांगून टाकतं. शेवटी एक धनगर भुताला कातडी पखालीत कोंडतो आणि नवरी नवऱ्याच्या पदरी पडते. तिला काय हवं होतं, हे कोणी विचारत नाही. ते न विचारणं वाचकाला सलत राहतं. खाली दोन ओळींचा उपदेश लिहिला असता, तर ती सल तिथेच विझली असती.

आता एक सावधगिरी. बिज्जींनी कथा जशाच्या तशा उतरवल्या नाहीत, त्या स्वतःच्या लेखणीने नव्याने रचल्या. तुलाही तो हक्क आहे, पण वह्या दोन ठेव. एकीत आजीचे शब्द, ती अडखळली, मागे फिरली, तेही तसंच. दुसरीत तुझी कथा. पहिल्या वहीत सुधारणा म्हणून एक अक्षरही बदलू नकोस. शेजारच्या गावची म्हातारी तीच गोष्ट वेगळी सांगत असेल, तर तीही लिही. खरी कोणती, या वादात पडू नकोस. कोणी, कुठे, कधी सांगितली याची नोंद हवीच, आणि नाव छापायचं तर आधी विचारून.

मोबाइलवर रेकॉर्ड करताना घरातलं एखादं लहान मूल समोर बसव. राजस्थानात काय, आपल्याकडे काय, हुंकार देणारं कोणी नसेल तर सांगणारा गोष्ट गुंडाळून मोकळा होतो.

पुढच्या वेळी एकच गोष्ट पाठव, दोन्ही वह्यांतली. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी लिहून काढायला सवड मिळेल तेव्हा मिळो, पण आजीला येत असतील तर ती या आठवड्यातच रेकॉर्ड करून ठेव.

तुझा,
सर