जबलपूरला घेतलेली बंद एमजीए नागपूरला टोचन करून आणावी का?

नको. तुम्ही लिहिलंय की गाडी एमजीए १५०० (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्‌स कार) आहे, इंजिन कित्येक वर्षं सुरू झालेलं नाही, चाकं स्पोकची आहेत आणि मित्राची बोलेरो हाताशी आहे. बोलेरो गाडी ओढेल, त्यात शंका नाही. नऊशे किलोच्या आसपास वजन म्हणजे तिला काहीच नाही. पण जबलपूर-नागपूर हे पावणेतीनशे किलोमीटरच्या घरातलं अंतर आहे, आणि तेवढ्यात तुमच्या गाडीचं जे नुकसान होईल त्यापुढे फ्लॅटबेडचं, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या सपाट ट्रकचं, भाडं काहीच नाही.

पहिलं कारण गिअरबॉक्स. ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. इंजिन बंद असताना न्यूट्रलमध्ये ओढली तर मागची चाकं प्रॉपेलर शाफ्ट फिरवतात, शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवतो, पण तेल उडवणारी खालची लेशाफ्ट जागच्या जागी उभी असते. म्हणजे बुश आणि बेअरिंगं कोरडी फिरतात. पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन आणली तरी हाच प्रकार. गॅरेजपर्यंत दोन-चार किलोमीटर असतं तर शाफ्ट सोडवून न्या म्हटलं असतं.

दुसरं कारण ब्रेक. इतकी वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर एक तर जाम असतात किंवा गळतात. वाटेतल्या कुरईच्या घाटाच्या उतारावर दोरीच्या टोकाला बिनब्रेकची गाडी, आणि मागे भरलेले ट्रक. रस्ता आता चौपदरी आणि सुरेख झालाय, पेंचच्या जंगलात जनावरांना खालून जाता यावं म्हणून लांबलचक पूल बांधलेत, पण त्यामुळेच तिथे सगळे वेगात असतात. नियमातलं टोचनसुद्धा बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला आहे, दुसऱ्या राज्यातून घरी आणायला नाही.

तेव्हा मागे झुकणारा बेड आणि विंच (गाडी वर ओढून घेणारं दोराचं यंत्र) असलेली फ्लॅटबेड ठरवा. हायड्रा क्रेनने उचलून ट्रकमध्ये ठेवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना हात जोडा. पट्टे सिलखाली, म्हणजे दाराखालच्या पट्टीखाली, येतात, आणि एमजीएचा पत्रा सगळ्यात आधी तिथेच सडतो. गाडी जमिनीपासून जेमतेम सहा इंच वर आहे, त्यामुळे बेड झुकवला तरी सायलेन्सर घासतो. दोन लांब, जाड फळ्या सोबत घेऊन जा आणि उतार कमी करून घ्या.

चढवताना हँडब्रेककडे लक्ष द्या. इथे बहुतेक मिस्त्री चकतात. आपल्या सवयीच्या गाड्यांत बटण दाबलं की ब्रेक सुटतो. एमजीएत उलटं आहे: लिव्हर ओढून बटण दाबलं की ब्रेक लागतो, आणि लिव्हर थोडा आणखी ओढून सोडला की सुटतो. हे माहीत नसलेला माणूस बटण दाबत बसतो, ब्रेक जाम आहे म्हणतो आणि विंच चालवून टायर फरफटत नेतो. ड्रम खरंच चिकटले असतील तर ॲडजस्टर सैल करा, ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीने हळूहळू ठोका, घाई नको. विंचचा हूक चेसीच्या पुढच्या भागाला लावा, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला कधीच नाही.

बांधताना पट्टे टायरवरून घ्या. स्पोकमधून पट्टा ओवला की स्पोक वाकलेच समजा. मागच्या ॲक्सलला बांधायचं तर ब्रेकची नळी दबत नाही ना ते वाकून बघा. बॉनेट मागे बिजागरी असलेलं आहे, खिट्टी सैल असली तर समोरचा वारा ते उलटून काचेवर आपटवेल. ॲल्युमिनियमचं आहे, हलकं आहे. सरळ काढा आणि गोधडीत गुंडाळून स्वतःच्या गाडीत आणा. बॅटऱ्या असतील तर त्याही काढा. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, आणि मुळात या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बेडवर चढली म्हणजे काम झालं असं समजून निघू नका. विकणाऱ्याच्या शेडमध्ये, माळ्यावर, भंगाराच्या डब्यात शोधा. हूडची (कापडी टपाची) फ्रेम, दारांवर खिडकीच्या जागी बसणारे साइड कर्टन, चाकांचे स्पिनर (मधले मोठे नट) ठोकायची हातोडी, एसयू कंपनीच्या कार्बोरेटरचे सुटे भाग, अगदी मोडके दिवेसुद्धा. जागा बदलली की या वस्तू कायमच्या जातात. जमिनीचं प्लायवूड सडलेलं असलं तरी टाकू देऊ नका, नवीन कापायला तोच नमुना. मोबाइलवर फोटो काढा, वायरी जशा आहेत तशा, बोल्ट कुठले ते पिशव्यांवर लिहून.

पैसे देण्याआधी चेसी आणि इंजिनाचे नंबर आरसीशी जुळवा. मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात येतेय, म्हणून फॉर्म २८ ची एनओसी लागेल, शिवाय मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असल्यामुळे २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, मात्र रोजच्या वापराला परवानगी नाही. अट अशी की चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. हे मुद्दाम सांगतोय, कारण नागपुरात तुम्हाला कोणीतरी नक्की म्हणेल की अँबेसिडरचं इंजिन टाकून द्या, मोकळे व्हा. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) एकाच बी-सिरीजची, दोन्ही १४८९ सीसीची, हे खरंच आहे. त्याचा फायदा असा की अँबेसिडरवर आयुष्य घालवलेला म्हातारा मिस्त्री तुमचं इंजिन उघडून आत्मविश्वासाने हात घालेल. त्याला शोधा. पण मूळ ब्लॉक जपा, वाटेल ते झालं तरी.

उघडी गाडी आहे, म्हणून पाऊस लागायच्या आत आणा किंवा दिवाळीनंतर. तुमच्या गल्लीत फ्लॅटबेड वळत नसेल तर पहाटे रुंद रस्त्यावर उतरवून चार जणांनी ढकला. घरी आल्यावर लगेच सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग हातानेच फिरतंय का बघा.