स्टॉल लावण्याआधी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात चित्रांचा स्टॉल मिळाल्याचा तुझा निरोप पोचला आणि त्यातला प्रश्नही: भाडं तरी निघेल का? सांगता येत नाही. माझं पहिल्या वर्षी निघालं नव्हतं, आणि चूक माझीच होती. काचेच्या फ्रेममधली मोठमोठी चित्रं टेम्पोत घालून नेली. तीन काचा वाटेतच फुटल्या. उरलेल्या चित्रांपुढे माणसं थांबायची, 'छान' म्हणायची, पुढे जायची. शेवटी एक बाई म्हणाल्या, "हे घेऊन मी विरार लोकलमध्ये चढू कशी?"

तेव्हापासून माझं माप ठरलं: पाव इम्पीरियल, म्हणजे इम्पीरियल मापाच्या मोठ्या कागदाचा चौथा भाग, 11 बाय 15 इंच. भोवती माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, मागे पुठ्ठा, वरून पारदर्शक पिशवी. फ्रेम ज्याची त्याने करावी. मोठी दोनच ने, लांबून नजर खेचायला.

भाव मात्र घरी बसून ठरव आणि प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी लाव. किंमत दिसली नाही की निम्मे लोक संकोचाने विचारतच नाहीत. कागद, रंग, माउंट, भाड्याचा वाटा, आणि तुझे तास. तास धरताना लाज वाटेल, तरी धर. तिथे जाऊन ठरवू म्हणशील तर पाचव्या दिवशी फसशील. पाय सुजलेले, दुपारपर्यंत बोहनी नाही, आणि कुणी म्हणतं, "दोन घेते, अर्ध्यात दे." मी दिली. त्याच संध्याकाळी, आदल्या दिवशी पूर्ण किमतीला चित्र घेऊन गेलेले गृहस्थ मित्राला घेऊन आले. मित्राने भाव विचारला. काय सांगणार होते मी? घासाघीस करणाऱ्यावर चिडू नकोस, आपणही भाजीवाल्याशी करतोच. किंमत तीच ठेव, हवं तर वर एखादं पोस्टकार्ड दे. आणि प्रिंट असेल तर प्रिंट म्हणूनच सांग.

"वारली आहे का?" हे दिवसातून दहादा ऐकशील. कुठेतरी वारली काढलेले चहाचे मग धडाधड खपताना दिसले की हात शिवशिवतील. त्या वाटेला जाऊ नकोस. ती डहाणू-जव्हारकडच्या आदिवासींची कला. जिव्या सोमा मशे यांना तिच्यासाठीच 2011 साली पद्मश्री मिळाली, 2014 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकडचं कुणी तिथे बसलं असेल तर विचारणाऱ्याला सरळ त्यांच्याकडे पाठव.

मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नकोस. चित्र काढत बस. चालता हात पाहायला माणसं आपोआप थांबतात. गर्दी वाढली की नेटवर्क बसतं, म्हणून सुटे पैसे जवळ हवेत. समोर 1952 पासून जहांगीर आर्ट गॅलरी उभी आहे. तिथली भिंत मिळायला वर्षं लागतात, मिळेल तेव्हा मिळेल. पण तुझ्यापुढून जाणाऱ्यांत नुसते सेल्फी काढायला आलेलेही असतील, आयुष्यात एकही चित्र विकत न घेतलेले. माझी पक्की गिऱ्हाइकं त्यांच्यातूनच झाली. रोज रात्री वहीत लिही: काय गेलं, काय कुणी हातात धरून परत ठेवलं. दुसरा रकाना जास्त कामाचा.

माझी घडीची खुर्ची येऊन घेऊन जा. एक पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठा घालावा लागतो.

तुझी,
मावशी