दुपारनंतर डोळे कोरडे पडून खुपतात. काय खावं, कोणत्या सवयी लावाव्यात?

तुम्ही लिहिलंय की नोकरी जळगावात, दिवसभर लॅपटॉप, आणि गाजर-पपई सुरू करूनही डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. मीही इथलाच, काम हिशेबाचं, त्यामुळे हा त्रास ओळखीचा. गाजर-पपईतलं अ जीवनसत्त्व डोळ्यांना लागतंच, पण मेथी, शेवग्याचा पाला, दूध, अंडी पोटात जाणाऱ्या मोठ्या माणसाला ते सहसा कमी पडत नाही. आधी ताटाकडे नको, कूलरकडे बघा.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो आणि आपण कूलर थेट तोंडावर लावून बसतो. त्याची हवा ओलसर असली तरी झोत आसवं वाळवतोच. तोंड फिरवा कूलरचं, पाठीकडून वारा येऊ द्या. पंख्याचंही तेच. गाडीवर निघताना हेल्मेटची काच खाली. उन्हाळ्यातल्या झळा उघड्या डोळ्यांवर घेऊ नयेत.

दुसरं कारण पापणी. एरवी ती मिनिटाला १५-२० वेळा लवते, स्क्रीनसमोर निम्म्यावर येते. त्यातही अर्धवट मिटते, म्हणजे बुबुळाचा खालचा भाग तसाच कोरडा. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा आणि पापण्या पूर्ण टेकवून मिटा. लॅपटॉप नजरेच्या थोडा खाली ठेवा, डोळा कमी उघडा राहतो.

आसवांवर तेलाचा एक पातळ थर असतो, तो पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतो. त्या तुंबल्या की आसवं लगेच उडून जातात. कोरड्या डोळ्यांतून उलट पाणी गळतं ते यामुळेही. सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ रुमाल पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ५-१० मिनिटं ठेवा, गार झाला की पुन्हा भिजवा. मग वरची पापणी खाली आणि खालची वर अशी बोटाने हलकेच चोळा. मला सगळ्यात जास्त आराम यानेच पडला, पण रोज करावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर भाकरीबरोबर जवसाची चटणी जरूर खा, ओमेगा-३ मिळतं. मात्र माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल लगेच आणू नका: २०१८ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पाणी तहानेपुरतं प्याच, उन्हाळ्यात जरा जास्त.

गुलाबपाणी, मध, एरंडेल डोळ्यांत घालू नका, कोणी कितीही सांगो. मेडिकलवाल्याने परस्पर दिलेले लाली घालवणारे थेंबही नको. त्यात स्टिरॉइड असलं तर काचबिंदूची भीती. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा तोंडही कोरडं पडत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कागदाची पट्टी पापणीत अडकवून ५ मिनिटांत आसवं किती येतात ते बघतात. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात.