अँप दुरुस्त करू की नवा घेऊ? आणि घरात विमा नेमका कोणाचा आहे?

सांगलीहून एका वाचकांचं पत्र आहे. वय ३८, घरी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. गिटारचे क्लास घेतात, त्याचे महिन्याला २४ हजार मिळतात. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांचे वर्षाला दीड लाखाच्या आसपास होतात. त्यांच्या सॉलिड-स्टेट अँपचा (ट्रान्झिस्टरवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) क्लीन चॅनल, म्हणजे साधा स्वच्छ आवाज देणारा, व्यवस्थित आहे. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटका आवाज देणाऱ्या, चॅनलचा आवाज मात्र मध्येच बसतो, नॉब फिरवला की खरखरतो आणि एखादा सूर जोरात छेडला की परत येतो. दुरुस्तीवाला न उघडताच म्हणाला, बोर्ड बदलावा लागेल, १४ हजार. दुकानदार म्हणतो, नवा घ्या, ५२ हजार, बारा महिने नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते. पुढे ते लिहितात: "पैशांची तशी अडचण नाही. मुलीच्या नावावर पॉलिसी आहे, वर्षाला ६० हजार, तीन हप्ते भरलेत. त्यावर कर्ज मिळेल असं एजंट म्हणाला." पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटोही जोडलाय.

आधी अँपचं सांगतो. नवा घेऊ नका, आणि १४ हजारही देऊ नका.

तुमची लक्षणं मी अँप दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराला वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पॉवर सप्लाय, पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा भाग) आणि स्पीकर हे दोन्ही चॅनलना सामाईक असतात. क्लीन चॅनल नीट वाजतोय म्हणजे हे तिन्ही ठीक आहेत. बिघाड आहे तो प्रीअँपच्या, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी घडवणाऱ्या भागाच्या, त्या एका चॅनलपुरत्या भागात. खरखर आणि जोरात वाजवल्यावर आवाज परत येणं, यावरून पहिला संशय गंजलेल्या किंवा मळलेल्या कॉन्टॅक्टवर जातो: गेनचा पॉट (नॉबच्या आतला भाग), चॅनल बदलणारा रिले किंवा फूटस्विचचा जॅक. नाहीतर बोर्डावरचा एखादा सुटलेला सोल्डर. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा तीन-चारशे रुपयांना मिळतो. त्याने भागलं नाही तर त्या चॅनलची ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, तपासायची. ४५५८ किंवा टीएल०७२ सारखी आठ पायांची आयसी असते. पाय ८ आणि ४ वर साधारण अधिक-उणे १५ व्होल्ट हवेत आणि १ व ७ वर डीसी शून्याच्या जवळ. तिथे सप्लायइतकाच व्होल्टेज अडकून बसला असेल, तर बहुधा आयसी गेली. ती दहा-वीस रुपयांपासून मिळते. मजुरी धरून सगळं काम दोन-अडीच हजारांत व्हायला हवं. जो कारागीर सिग्नल नेमका कुठे थांबतो ते दाखवेल, त्यालाच काम द्या. अँप स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो.

तोवर कार्यक्रम अडत नाहीत. क्लीन चॅनलपुढे डिस्टॉर्शनचं पेडल लावा, सीझन निघून जाईल. आणि सॉलिड-स्टेट अँप "जुना झाला" म्हणून टाकायची वस्तू नव्हे. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ साली आलेला अँप अजून बनतोय. यात व्हॉल्व्ह (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्या) नसतात, त्यामुळे ठरावीक काळाने ते बदलायचा खर्चही नसतो.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच की तुमच्या खिशातून कोणी व्याज घेत नाही यावर विश्वास ठेवू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. तेच अँप रोखीने केवढ्याला पडतं ते विचारा, मग फरक कळेल.

आता त्या फोटोकडे वळतो. तो पाहून मला काळजी वाटली.

"विमित व्यक्ती" या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. तुमचं नाव आहे "प्रस्तावक" म्हणून, म्हणजे फक्त पैसे भरणारा. पालकाचा मृत्यू झाला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोडसवलत असते, तिच्यापुढे "नाही" लिहिलंय. याचा अर्थ स्पष्ट सांगतो. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरात एक रुपया येणार नाही. उलट पॉलिसी तशीच चालू ठेवायची तर वीसपैकी उरलेले सतरा हप्ते, दहा लाख वीस हजार रुपये, तुमच्या पत्नीला भरावे लागतील. विमा कमावत्या माणसाचा काढायचा असतो. सहा वर्षांच्या मुलीच्या कमाईवर कोण अवलंबून आहे? हे एजंटला माहीत होतं. माहीत नसेल, तर त्याने पॉलिसी विकायलाच नको होती.

राहिला परतावा. वीस वर्षांत बारा लाख भरा, बावीस मिळतील, असं त्याने सांगितलंय. जवळपास दुप्पट, ऐकायला छान वाटतं. हिशेब केला तर हा दर वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. पीपीएफचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला. सुकन्या समृद्धीचा (मुलीच्या नावाची सरकारी बचत योजना) जानेवारी २०२४ मध्ये ८.२ झाला. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, ते बदलू शकतात, पण साडेपाचसाठी वीस वर्षं अडकून पडायचं कारण मला दिसत नाही. तुमची वर्षाची कमाई ४ लाख ३८ हजार. त्यातला सातवा हिस्सा या एका कागदात जातोय. आणि कर्जाचं म्हणाल तर तीन हप्त्यांनंतर सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर मिळणारी रक्कम, साधारण साठ-पासष्ट हजार धरा, कर्ज त्याहूनही कमी मिळेल. मुलीसाठी साठवलेल्या पैशावर व्याज भरून अँप घ्यायचा, हे करू नका.

हेच ६० हजार कसे लावता येतील ते बघा. तुमच्या नावावर ६० लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), साठाव्या वर्षापर्यंत: वर्षाला बारा-तेरा हजार. वैयक्तिक अपघात विमा दोनेक हजार. गिटार वाजवणाऱ्याने तो घ्यायलाच हवा, कारण बोट गमावलं तरी त्यात ठरलेला हिस्सा मिळतो, आणि हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत आठवड्याला भत्ता देणारी जोडही घेता येते. पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नसणारच. तिघांसाठी पाच लाखांचा धरा, वीस हजार. टर्म आणि आरोग्याच्या वैयक्तिक हप्त्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. उरलेले दरमहा दोन हजार सुकन्या खात्यात टाका. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच खातं उघडता येतं, तेव्हा लांबवू नका. पंधरा वर्षांत ३ लाख ६० हजार भरून, दर असाच राहिला तर, खात्याच्या एकविसाव्या वर्षी अकरा लाखांच्या आसपास होतील. मधे तुमचं काही झालं तर टर्मचे ६० लाख आहेतच.

एक अडथळा येईल. ऑर्केस्ट्राचं मानधन बहुतेक रोख मिळतं, आणि विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं नसतील तर एवढं कव्हर मिळायला त्रास होईल. नव्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नावर कर शून्य येतो, तरी विवरणपत्र भरावंच लागतं. यंदापासून न चुकता भरा, कार्यक्रमांचे पैसेही त्यात दाखवा. दिसत नसलेल्या उत्पन्नावर कोणी विमा देत नाही.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्मचा अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि पॉलिसी हातात. काही आजार असेल, तंबाखू असेल, तर अर्जात लिहा, लपवू नका. त्यानंतर मुलीच्या पॉलिसीचा चौथा हप्ता थांबवायचा विचार. विमा कंपनीच्या शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू, ठेवली तर मुदत संपल्यावर किती. एजंटच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका, त्याला पुढच्या हप्त्यावर कमिशन आहे. पुढच्या हप्त्याची तारीख तुम्ही कळवलेली नाही. ती आणि हे दोन आकडे पाठवा, म्हणजे दोन्हींतलं कोणतं परवडतं ते सांगतो.