पोर्ट वाइनसाठी पोर्तुगाल: जा नक्की, पण एफडी मोडून नाही

ताई नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताई नाशिकला ज्युनिअर कॉलेजला शिकवतात, मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, दोघांचा मिळून हातात पगार १ लाख ४२ हजार आणि मुलगा यंदा दहावीला. लग्नाला वीस वर्षं होतायत म्हणून या ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालला जायचंय, पोर्ट वाइन जिथे बनते तिथे जाऊन प्यायची आणि तिकडचं खायचं. टूरवाल्याने बारा दिवसांचे दोघांचे ७ लाख ८० हजार सांगितलेत, त्यात लिस्बन, पोर्टो, डोरो नदीची क्रूझ आणि मदेरा बेट. पैशासाठी एकतर ६ लाखांची एफडी मोडायची, नाहीतर ५ लाखांचं पर्सनल लोन काढून वरचे एफडीतून घ्यायचे. आणि मिस्टर विचारतात की जुनी पोर्ट महाग होत जाते, तर येताना थोड्या बाटल्या गुंतवणूक म्हणून आणू का.

आधी एफडीचं बोलू. ताई, ती एफडी सोडली तर तुमच्याकडे अडीअडचणीला दुसरं काहीच नाहीये. घरखर्च ६२ हजार आणि घराचा हप्ता ३१ हजार धरला तर ते ६ लाख म्हणजे जेमतेम साडेसहा महिने, आणि मिस्टर कंपनीत असताना एवढं तरी बाजूला हवंच. लोनचं म्हणाल तर १३ टक्क्यांनी ५ लाख तीन वर्षांसाठी घेतले की हप्ता १६,८५० च्या आसपास बसतो, व्याजच १ लाख ६ हजार, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि तीन वर्षं कुठे जाऊन संपतात बघा, बरोब्बर मुलाच्या बारावीनंतरच्या ॲडमिशनला. त्या वर्षी फी भरायची की फिरून आलेल्या सहलीचे शेवटचे हप्ते, ही वेळ तुमच्यावर यावी असं मला मनापासून वाटत नाही.

पण म्हणून जाऊच नका असं मी सांगणार नाही. आम्ही दोघं गेलो होतो. पोर्टोच्या समोर नदीपलीकडे विला नोवा द गाया आहे, तिथे उतारावर सगळ्या पोर्टवाल्यांची जुनी गोदामं, आत शिरलं की अंधार, गारवा आणि ओल्या लाकडाचा वास. वीस वर्षांच्या टॉनीचा (लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट) छोटा ग्लास समोर आला, रंग काकवीसारखा, आणि तोंडात आधी खारीक, मग अक्रोड, शेवटी चिक्कीची करपूस गोडी, ती चव कितीतरी वेळ जात नव्हती. तुम्ही नाशिकचे आहात, वाइन तुम्हाला नवीन नाही, पण ही वेगळी आहे. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचंच ७७ टक्क्यांचं स्पिरिट घालतात, आंबणं तिथेच थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणून एका दिवसात एकाच गोदामात टेस्टिंग करा, तीन-तीन नको, तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही आणि माणशी वीस-पंचवीस युरो मात्र जातात.

आता माझा हिशोब. मदेरा काढा. बेट सुंदर आहे, वाइनही थोर आहे, पण त्यासाठी दोघांची जाण्यायेण्याची जादा विमानं आणि तीन रात्री लागतात. त्याऐवजी लिस्बनहून तासाभराच्या ट्रेनने सेतुबालला जा, तिथला तळलेला कटलफिश खा आणि सोबत तिथलीच मोश्कातेल वाइन घ्या, तीही पोर्टसारखी स्पिरिट घातलेली, म्हणजे फोर्टिफाइडच, संत्र्याच्या सालीसारख्या वासाची. डोरोची क्रूझही नको, पोर्टोहून साधी ट्रेन धरून पिन्याओला उतरा, अडीच तास लागतात, जाताना उजव्या खिडकीला बसा म्हणजे नदी तुमच्या बाजूला येते. १७५६ साली पोर्तुगालने पोर्ट वाइनसाठी ज्या खोऱ्याची हद्द आखून दिली ते हेच. पिन्याओ स्टेशनच्या भिंतींवर निळ्या टाइल्समध्ये द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, तीच बघत अर्धा तास जातो. एक रात्र तिथे राहा.

नऊ रात्री धरा. युरो मी ११० रुपये धरतो, शंभरच्या वर तो आहेच, थोडं जास्त धरलेलं बरं. दोघांची तिकिटं दीड लाख (इथून थेट विमान नाही, एक थांबा घेऊन जायचं), राहायला ८५५ युरो, खायला ८००, टेस्टिंगला ३००, ट्रेन-मेट्रो १५० आणि किरकोळ १९५, म्हणजे २,३०० युरोचे २ लाख ५३ हजार. व्हिसा फी माणशी ९० युरो, वर सर्व्हिस चार्ज आणि ३० हजार युरो कव्हरचा सक्तीचा इन्शुरन्स, सगळे मिळून ३० हजार. झाले ४ लाख ३३ हजार, वर २७ हजार हाताशी, म्हणजे ४ लाख ६०. पॅकेजपेक्षा ३ लाख २० हजार कमी. शिवाय पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना मिळतो पण तोवर पैसे अडकून राहतात.

हे पैसे आणायचे कुठून, तर तुमच्याच पगारातून. हप्ता, घरखर्च आणि २० हजारांची एसआयपी वजा जाता महिन्याला २९ हजार उरायला हवेत, ते कुठे जातात ते तुम्हालाच सापडत नाहीये असं तुम्ही लिहिलंय. त्यातले २३ हजार पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका, ऑटो स्वीप लावून, म्हणजे शिल्लक आपोआप एफडीत जाते. आरडी नको, कारण तिकिटं तीन-चार महिने आधी काढायची असतात आणि आरडी तोवर मोकळी होत नाही. पंधरा महिन्यांत ३ लाख ४५ हजार, मिस्टरांचा या दिवाळीचा बोनस १ लाख ५ हजार, व्याज दहा एक हजार, झाले ४ लाख ६०. एसआयपीला हात लावायचा नाही. म्हणजे जायचं पुढच्या वर्षी, भाऊबीज करून, तुमच्या सुट्टीत. मुलगा तेव्हा अकरावीला असेल, यंदासारखं दहावीचं टेन्शन नाही. द्राक्षतोडणी तोवर आटोपलेली असते, हॉटेलं स्वस्त होतात, वेलींची पानं तांबूस झालेली असतात, पाऊस मात्र येऊ शकतो तेव्हा छत्री न्या.

बाटल्यांचं: आणा, पण प्यायला. भारतात येताना माणशी २ लिटरच ड्युटी फ्री, म्हणजे दोघांच्या चार बाटल्या. विकायची म्हटलं तर आपल्याकडे लायसन्सशिवाय दारू विकता येत नाही, मग गुंतवणूक कसली? वर एप्रिलातल्या नाशिकच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवली तर ती बिघडेल. आणि मिस्टरांना हेही सांगा की टॉनी पिंपात मुरते, बाटलीत भरली की तिचं मुरणं थांबलं, वीस वर्षांची टॉनी घरी दहा वर्षं ठेवून तीस वर्षांची होत नाही. बाटलीत वाढते ती व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची पोर्ट, आणि ती उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते. म्हणून टॉनी घ्या, उघडल्यावरही काही आठवडे फ्रिजमध्ये छान राहते.

खाण्याबद्दल, तुम्ही बीफ खात नाही म्हणून पोर्टोचं प्रसिद्ध सँडविच फ्रान्सेझिन्या सोडा, त्यात बीफ-पोर्क दोन्ही असतं. बाकाल्याउ आ गोमेश द सा मागवा, खारवलेला कॉड, बटाटा, कांदा, ऑलिव्ह, उकडलेलं अंडं, हा पोर्टोचाच पदार्थ. (आपला बटाटा आणि पाव दोन्ही शब्द तिकडूनच आलेत, आणि पगारसुद्धा.) दुपारी जेवा, 'प्रातो दु दिया' म्हणजे त्या दिवसाची थाळी स्वस्त पडते. बसल्याबसल्या ब्रेड, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा, त्यात कुणाला राग येत नाही.

कार्ड स्वाइप करताना मशीन रुपये की युरो विचारतं, दरवेळी युरोच दाबा, रुपयांचा रेट वाईट लावतात. निम्मे पैसे फॉरेक्स कार्डवर घ्या आणि तेही एकदम नको, तीन-चार महिन्यांत थोडे थोडे भरा.

पहिले २३ हजार येत्या एक तारखेला टाका आणि त्या २९ हजारांतले बाकीचे कुठे जातात ते महिनाभर वहीत लिहून मला पाठवा, मग एसआयपीचंही एकदा बघू.