पदार्थाबरोबर गावही लिही

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ओव्हन आला, कोथरूडच्या घरातली मागची खोली मोकळी केलीस, दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलंस आणि त्यात आपले पारंपरिक भाजके पदार्थ असावेत असं तुला वाटतंय. मला हे मनापासून आवडलं. तू माझ्याकडे पदार्थांची यादी मागितली आहेस, पण नुसती यादी मी देणार नाही. यादी दिली तर तू सगळ्या कृती एकाच तापमानाला, एकाच साच्यात घालशील आणि डब्यावर ‘आजीच्या हातची चव’ अशी चिठ्ठी चिकटवशील. ती आजी कुणाची, कुठल्या गावची, हा पदार्थ ती कधी करायची, कशावर भाजायची, यातलं काही त्या चिठ्ठीवर नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून हे पत्र जरा लांबेल, सवडीने वाच.

आपल्या घरांत ओव्हन नव्हता, पण भाजण्याच्या किती तऱ्हा होत्या! ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरून निखाऱ्यासमोर फुगायची. खानदेशात मांडे उपड्या खापरावर भाजतात. कोकणात पानगी केळीच्या पानात भाजतात, आणि धोंडसाला, म्हणजे मोठ्या काकडीच्या गोड केकला, खालून-वरून दोन्हीकडून विस्तव घालतात. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात जातात. विस्तव बदलला की पिठाचा जाडसरपणा, पाण्याचं प्रमाण, गोळ्याचा आकार, सगळंच बदलतं. कृती उतरवून घेताना म्हणून पहिली ओळ विस्तवाची लिही आणि साहित्य त्याच्याखाली.

धोंडसाचंच बघ. भाद्रपदाच्या सुमारास मोठं, पिकायला आलेलं तवसं मिळतं. कोवळ्या काकडीचं काम नाही. तवसं सोलून, बिया काढून किसायचं. सुटलेलं पाणी टाकायचं नाही, कारण रवा त्याच पाण्यात शिजायचा असतो. तांदळाचा रवा थोड्या तुपावर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचा. कीस आणि गूळ एकत्र उकळी आणून त्यात रवा, ओलं खोबरं, मिठाचा कण, वेलची घालायची आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. मग जाड बुडाच्या पातेल्याला तूप चोपडून, तळाला हळदीचं पान घालून त्यात ते थापायचं. खाली विस्तव अगदी बेताचा आणि झाकणावर मात्र भरपूर निखारे. गूळ बुडाला चटकन लागतो आणि लागला की सगळं कडवट होतं, म्हणून विस्तवाची अशी वाटणी. तुझ्या ओव्हनमध्ये वरची आणि खालची कॉइल वेगवेगळी चालवता येत असेल तर हेच तसंच करता येईल. येत नसेल तर भांड्याखाली आणखी एक रिकामा ट्रे सरकव, खालची आच तेवढीच मऊ होते. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नकोस. तांदूळ गार होतानाच घट्ट बसतो, गरम कापलास तर वडी न पडता चिखल होईल.

पुण्यात चुली गेल्या आणि निखारेही गेले. गॅसला खालची आच तेवढी असते, वरची नाहीच. तेव्हा इथल्या बायकांनी जाड कढईत वाळू घातली, ती सणसणीत तापवली, वर डबा ठेवून झाकण लावलं आणि केक, नानकटाई भाजली. वाळूमुळे ज्योतीची आच एका जागी न लागता सगळीकडे सारखी पसरते. वरून रंग येत नसे, नानकटाई खाली बदामी आणि वर फिकी राहायची, पण भाजली जायची नीट. पुढे विजेवरचे ॲल्युमिनियमचे गोल ओव्हन आले. हाही वारसाच समज. तुझ्या सोसायटीतल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वाळूबद्दल विचार, बघ किती सांगतील. खेड्यातल्या चुलीच्या शोधात लांब जाण्याआधी आपला जिना उतरून खाली जा.

नानकटाईवर तुझा दिवाळीचा भर असणार, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. पुण्यामुंबईत घरोघरची नानकटाई बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची पद्धत होती. पिठं, रवा, पिठीसाखर, तूप घरचं घेऊन जायचं, मजुरी द्यायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून आणायची. आपल्याच तुपाची आपल्याला मिळावी म्हणून घरातलं कुणीतरी तिथे बसून राही. काही गावांत कणकेची बिस्किटं अजूनही अशी करून आणतात. म्हणजे हा पदार्थ घराचा आणि भट्टीवाल्याचा, दोघांचा. कॅम्पातल्या इराणी बेकऱ्या, १९५५ पासूनची कयानी बेकरी, पेठांमधल्या लहान भट्ट्या, इतक्या वेगवेगळ्या लोकांचा हात या शहराच्या भाजण्याला लागला आहे. ‘पारंपरिक’ म्हणताना पेठेतल्या वाड्यांच्या स्वयंपाकघरापाशीच थांबू नकोस.

आता हाताचं काम. तूप थिजलेलं, रवाळ असावं. एक वाटी तुपाला एक वाटी पिठीसाखर घेऊन परातीत तळहाताने फेसायचं. पिवळेपणा जाऊन ते पांढरं, हलकं झालं पाहिजे आणि बोटाला साखरेची कचकच लागता कामा नये. त्यात दोन वाट्या पीठ, मैद्याबरोबर थोडं बेसन आणि थोडा बारीक रवा, चिमूटभर सोडा, वेलची-जायफळ. पीठ घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. तुपाने पिठाचा कण न् कण माखला की पीठ चिवट होत नाही, आणि त्यामुळेच नानकटाई तोंडात विरघळते. तूप पातळ झालं असेल तर ती ट्रेवर पसरून चपटी होते. दिवाळीतल्या पहाटेच्या गारव्यात ही अडचण येत नाही. उन्हाळ्यात गोळे तासभर फ्रीजमध्ये ठेव. साधारण १६० ते १७० अंशांवर १५ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून परत आत घालू नकोस, ट्रेवरच निवू दे. खपलीच्या गव्हाचं पीठही वापरून बघ. त्याचा चिवटपणा मुळात कमी, म्हणून नानकटाईला ते छान जुळतं. फक्त कोंडा ओल ओढतो, तेव्हा गोळे वळण्याआधी पीठ थोडा वेळ झाकून ठेव.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. मुळशी-मावळातल्या आणि पुढे इतर भागांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या पुण्यात राहून गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या दस्तऐवज-संग्रहाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला आहे. तो उघडून बघ. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं आहे. पहाटे दळताना जी बाई एकटी गात होती, तिचं नाव तिच्या शब्दांपासून तुटलं नाही. पाककृतींच्या बाबतीत आपण हे केलं नाही. ज्या हातांनी ते पीठ दळलं त्याच हातांनी त्याची भाकरी, रोडगा, मांडा भाजला. ओवी नावानिशी राहिली आणि भाजणारी मात्र ‘कुणाची तरी आजी’ झाली. तू वही घालशील ना, तिच्यात प्रत्येक कृतीच्या डोक्यावर सांगणारीचं नाव, गाव, प्रसंग आणि विस्तव असू दे.

विचारायला जाशील तेव्हा ‘किती घालता?’ असं विचारू नकोस. ‘अंदाजाने’ हेच उत्तर मिळेल, आणि ते खरं असतं. तिला नेहमीसारखं करू दे. तू फक्त तिचा पिठाचा डबा आधी आणि नंतर वजन कर, तुपाची बरणी आधी आणि नंतर वजन कर. तिचा हात कुठे थांबतो ते बघ आणि तिथे विचार, ‘आता का थांबलात?’ उत्तर पिठाच्या स्पर्शाचं येईल, कधी वासाचं, कधी आवाजाचं. ते तिच्याच शब्दांत लिही, पुस्तकी करू नकोस. प्रसंगही विचार: हे सणाला करतात की नवसाला, कुणाला वाढतात, कोणत्या दिवशी अजिबात करत नाहीत. नागपंचमीला कित्येक घरांत तवा चढत नाही, दिंडं उकडतात. असं न करण्याचंही वहीत येऊ दे.

रोडग्याबद्दल तू खास विचारलं आहेस. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगाच वाहायचं कबूल करते, आणि एकनाथ १५९९ साली गेले. इतका जुना हा नवसाचा पदार्थ आहे. जाडसर दळलेली कणीक, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. लहान लहान पोळ्या लाटून, मध्ये तेल किंवा तूप लावत एकावर एक ठेवायच्या आणि बाहेरच्या पोळीत सगळं बंद करून गोळा वळायचा. गोवऱ्यांचा धूर पूर्ण संपून लाल निखारा झाला की त्यात गोळे, फिरवत फिरवत. मग फडक्याने राख झटकून, फोडून, तूप ओतून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर. रान, गोवऱ्या आणि जमलेली माणसं असल्याशिवाय रोडग्यांचा बेत होत नाही. तुझ्या ओव्हनमध्ये गोळा भाजला जाईल, खमंगही होईल. धुराचा वास येणार नाही आणि राखेतली ती कडक पापडीही तशी येणार नाही. तेव्हा डब्यावर ‘ओव्हनमध्ये भाजलेला रोडगा’ असं स्वच्छ लिही. गिऱ्हाईक नाराज होत नाही, उलट विचारपूस करतं.

हे सगळं कागदावर वाचून हातात येणार नाही, पाहिलं पाहिजे. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, तिथे बचत गटांच्या बायका रांधत असतात. मांडे करणारी कुणी असेल तर खाऊन पुढे जाऊ नकोस, बाजूला उभा राहून तिचे हात बघ. आणि राजा केळकर संग्रहालयात एक दुपार काढ. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशी रोजच्या वापरातली चीजवस्तू आयुष्यभर जमवली. भांड्यांचे बूड आणि झाकणं निरखून बघ. आच कुठून लागायची ते तिथे कळतं.

नोंदणी, पाकिटावरची तारीख, घटकांची नावं हे नियमाने कर, त्यात टाळाटाळ नको. आणि जिच्याकडून कृती घेतलीस तिची परवानगी घे, नाव छापू का ते विचार. पदार्थ चालला तर दिवाळीनंतर तिच्या हातात पैसे दे. भेटवस्तू नको, पैसे. ती ‘कशाला रे’ म्हणेल, तरी दे.

पहिल्या वर्षी तीनच पदार्थ घे. नानकटाई, ओव्हनमधला रोडगा आणि तुझ्या आईच्या माहेरचं जे काही भाजकं असेल ते. तू पत्रात त्याचा उल्लेखही केला नाहीस. आईला विचारलंस का?

तुझी,
काकू

ता. क. धोंडसासाठी पितळेचं पातेलं घ्यायचं मनात असेल तर कसब्यात तांबट आळीत जा आणि कल्हई करूनच वापर. हळदीची पानं गौरी-गणपतीच्या दिवसांत मंडईत मिळतात. नंतर शोधत बसशील.